उत्तर अटलांटिकात मालवणची पिठी

मालवणच्या बाजारातल्या एका घरगुती पदार्थांच्या दुकानातलं कुळथाचं पीठ मी शिडाच्या बोटीवर नॉर्वेतल्या बर्गनहून शेटलंड, फेरो ही बेटं करत आइसलँडपर्यंत नेलं. ६० अंश उत्तरेच्या वर जूनमध्येही वारा हाडात शिरतो. पहाटेचा पहारा संपवून खाली आलं की झुलत्या शेगडीवर पिठी रटरटायची. बोट कलली तरी ही शेगडी समतल राहते, पण पातेलं अर्धंच भरायचं. लसूण, दोन आमसुलं, बस्स! नॉर्वेजियन कप्तानसुद्धा वाटी पुढे करायचा.

पीठ खमंग भाजलेलं, बारीक, गुठळी धरत नाही. खाऱ्या दमट हवेत दुहेरी पाकीट शेवटपर्यंत कोरडं राहिलं, याचं मला फार कौतुक. आमसुलांची पिशवी मात्र पातळ आहे, ती बरणीत भरून न्या. दळल्याची तारीख दुकानातल्या काकूंना विचारून घ्या, पाकिटावर नसते.