मस्तिष्कस्तंभातील रक्तस्राव: शस्त्रक्रिया की औषधोपचार?

आयसीयूबाहेर संमतिपत्र पुढे येते, तेव्हा नातेवाइकांचा प्रश्न एकच असतो: रक्ताची गाठ काढली तर माणूस वाचेल का? मस्तिष्कस्तंभाच्या (ब्रेनस्टेम), म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागाच्या बाबतीत हा प्रश्न अवघड आहे, कारण श्वास, शुद्ध, गिळणे आणि हातापायांची हालचाल या साऱ्यांच्या वाटा या लहानशा भागातून दाटीने जातात आणि गाठीपर्यंत पोहोचताना त्यांनाच इजा होऊ शकते.

म्हणून रक्तस्राव कशामुळे झाला, हे डॉक्टरांना आधी विचारावे. उच्च रक्तदाबामुळे पॉन्समध्ये, म्हणजे मस्तिष्कस्तंभाच्या मधल्या भागात, रक्त साठले असेल, तर बहुतेक ठिकाणी औषधोपचारच निवडतात: गरजेनुसार व्हेंटिलेटर, वरचा रक्तदाब 140च्या आसपास आणून स्थिर ठेवणे आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तिचा परिणाम उतरवणे. चीनमधील काही केंद्रांत बारीक नळीने गाठ शोषून घेतात आणि त्यामुळे अधिक रुग्ण जगल्याचे अहवाल आहेत. मात्र जगलेला रुग्ण स्वतःच्या पायांवर उभा राहील, याचा भक्कम पुरावा अद्याप नाही, आणि माझ्या मते घरच्यांसाठी हाच फरक सर्वांत मोलाचा आहे.

कॅव्हर्नोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा जन्मजात किंवा नंतर तयार झालेला गुच्छ, असेल तर पारडे बदलते. तो पृष्ठभागाला टेकलेला असेल आणि त्यातून दुसऱ्यांदा रक्तस्राव होऊन त्रास झाला असेल, तर तो काढण्याचा विचार रास्त ठरतो. तरीही शस्त्रक्रियेनंतर काही काळ गिळणे बिघडू शकते किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडू शकते, याची तयारी हवी.

‘ऑपरेशन’ हा शब्द ऐकताच घाबरू नये. नेमके कोणते, ते विचारावे. मेंदूतील पाणी तुंबल्यास कवटीला छिद्र पाडून नळीने ते बाहेर काढतात, त्यात मस्तिष्कस्तंभाला हात लागत नाही. रक्तस्राव शेजारच्या लहान मेंदूत असून गाठ 15 मिलिलिटर किंवा त्याहून मोठी असेल अथवा मस्तिष्कस्तंभ दाबला जात असेल, तर मात्र तातडीची शस्त्रक्रिया जीव वाचवू शकते.

उपचार थांबवण्याचा निर्णय पहिल्याच दिवशी घेऊ नये. पॉन्सच्या रक्तस्रावात सारे शरीर लुळे पडूनही रुग्ण पूर्ण शुद्धीवर असू शकतो. त्याच्या उशाशी बसून, “वर बघा, आता खाली बघा,” असे सांगून डोळे हलतात का, ते पाहावे आणि डॉक्टरांना दाखवावे.