चेन छोटी करून देतो म्हणाला आणि लॉकच बदललं

स्टीलच्या चेनचं घड्याळ हातात ढिलं होतंय म्हणून ते एखाद्या दुकानात टाकून पुढच्या बाजाराला जाणार असाल, तर आधी हे वाचा. निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडची आपली माणसं बेळगावला गेली की एका खेपेत दहा कामं उरकतात. 'तासाभरानं या' म्हणणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

घड्याळ दाजींनी मस्कतहून आणलेलं. जपानी कंपनीचं, भरीव कड्यांचं, वजनदार. माझं मनगट जेमतेम पंधरा सेंटिमीटर. वर्गात फळ्यावर लिहायला हात वर केला की घड्याळ घसरत कोपराकडं निघायचं आणि मागच्या बाकावर खसखस पिकायची. वडिलांच्या एचएमटीला ही भानगड नव्हती. चामडी पट्टा होता, दाभणानं एक भोक वाढवलं की झालं. स्टीलच्या चेनला मात्र कड्या काढाव्या लागतात, आणि खरा खेळ तिथंच होतो.

दुकानाचं नाव लिहीत नाही. बेळगावच्या भर बाजारातलं, काचेच्या कपाटांचं, गिऱ्हाइकांनी भरलेलं. मालक गोड बोलणारा. "बसा की ओ सर. हातात नुसती काडी आहे तुमच्या! चार कड्या काढाव्या लागतात बघा. गर्दी आहे, तासाभरानं या." मी गणपत गल्लीकडची कामं करून परत गेलो. घड्याळ मनगटाला चपखल बसलं. अडीचशे रुपये मागितले. "लॉक ढिलं होतं, त्याचं पण काम केलंय," म्हणाला. मी फोनपे केलं. काढलेल्या कड्या मागितल्यावर कागदाच्या पुडीत दोन दिल्या. बाकीच्या दोन म्हणे काढताना तुटल्या. भरीव स्टीलच्या कड्या, पिना ठोकून काढताना तुटल्या!

चेन बेळगावच्या बसस्टँडवरच सुटली. निपाणीच्या गाडीत चढताना दांडा धरला आणि घड्याळ एका बाजूनं लोंबकळायला लागलं. दाजींचं नशीब म्हणायचं, खाली पडलं नाही.

निपाणीत एक वयस्कर घड्याळवाले आहेत. अजून डोळ्याला भिंग लावून बसतात, आणि त्यांच्या टपरीत एका वेळी एकच गिऱ्हाईक मावतं. त्यांनी चेन पालथी केली, बराच वेळ बघितली आणि विचारलं, "मास्तर, हे कुणी केलंय?"

त्यांनी जे दाखवलं ते नीट सांगतो, कारण ते माहीत असल्याशिवाय दुकानात काय विचारायचं तेच कळत नाही.

चेनच्या आतल्या बाजूला काही कड्यांवर बारीक बाण कोरलेले असतात. बाण असलेल्या कड्या काढायच्या. पिन बाणाच्या दिशेनं ढकलून बाहेर काढायची आणि बसवताना उलट्या बाजूनं घालायची. बाण नसलेल्या कड्या कंपनीनं पक्क्या बसवलेल्या असतात, त्यांना हात लावायचा नाही. माझ्या चेनच्या अशाच एका पक्क्या कडीवर हातोडीचे घाव होते. कड चेपलेली, आणि त्यावरून नख फिरवलं तर अडकत होतं.

दुसरी गोष्ट नळीची. सिकोसारख्या जपानी कंपन्यांच्या बऱ्याच चेनमध्ये पिन नुसती घट्ट बसून राहत नाही. तिच्यावर कडीच्या आत एक इवलीशी नळी असते, कॉलर म्हणतात तिला. दोनेक मिलिमीटरची असेल. पिनेला धरून ठेवते ती ही नळी. पिन ढकलली की नळी टपकन टेबलावर पडते, आणि ज्याला ठाऊक नाही किंवा ज्याला घाई आहे तो ती तशीच झाडून टाकतो. मग पिन वरून बसलेली दिसते, हाताला घट्टही लागते, पण हळूहळू सरकत बाहेर येते. माझी तर त्याच दिवशी आली. पंचांनी (त्यांना गावात सगळे पंचच म्हणतात) डबीतून त्याच मापाची एक नळी शोधली, चिमट्यानं कडीत उभी केली आणि पिन घातली. तेवढ्या कामाला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

तिसरी गोष्ट लॉकची, आणि खरी लबाडी ती. कंपनीच्या लॉकवर नाव खोदलेलं असतं, आतल्या पात्या जाड असतात, मिटताना एकच 'टक्' आवाज येतो. माझ्या घड्याळाला आता पातळ पत्रा दुमडून केलेलं, वर नुसतं चकचकीत, असलं लॉक होतं. नाव गायब. दाजींनी घड्याळ घेतल्यावर डबीसकट फोटो पाठवला होता, त्यात नावाचं लॉक स्वच्छ दिसत होतं.

मग पंचांनी हिशेब लावून दाखवला. डुप्लिकेट लॉक मूळ लॉकपेक्षा लांब. ते घातल्यावर चेन पुन्हा ढिली झाली असणार. तोवर बाणाच्या कड्या काढून संपलेल्या, म्हणून पक्क्या कडीवर हातोडी चालवली. मूळचं लॉक ठेवलं असतं आणि त्याच्या कडेला जी भोकं असतात त्यात पिन एक भोक आत सरकवली असती, तर तीनच कड्यांत भागलं असतं. त्याला लॉक हवं होतं. कंपनीच्या लॉकला आणि सुट्या कड्यांना बाजारात गिऱ्हाईक असतं. आपल्याला त्या उरलेल्या तुकड्यांची किंमत कळत नाही. शिंप्याकडं उरलेलं कापड मागायला आपण लाजत नाही, घड्याळवाल्याकडं मात्र पुडीत काय दिलं ते उघडूनही बघत नाही.

फोटो घेऊन परत बेळगाव गाठलं. भांडण मराठीत सुरू झालं, पोऱ्याला विचारताना मालक कानडीत शिरला आणि शेवटी आम्ही दोघं हिंदीवर आलो. आपल्याकडचं कुठलंही मोठं भांडण असंच जातं. आधी "तुमचं लॉक असंच होतं." फोटो दाखवल्यावर "पोरानं चुकून बदललं असेल." मग त्यानं गल्ल्याखालचा प्लास्टिकचा डबा काढला. आत कड्याच कड्या: सोनेरी, दोनरंगी, भरीव, पोकळ, सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या चेनमधून 'तुटलेल्या'. त्यात हात घालून त्यानं माझ्या दोन कड्या लगेच वेगळ्या काढून दिल्या. म्हणजे कुठल्या कुणाच्या ते त्याला पाठ होतं. लॉक मात्र गेलेलं. पाचशे रुपये पुढं केले, ते मी घेतले नाहीत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारलं तर तसलं लॉक मागवायला तीन हजारांच्या वर जातात.

बिल नव्हतं, पण फोनपेची नोंद होती. दुकानाचं नाव, तारीख, रक्कम सगळं त्यात आहे. अशा ठिकाणी रोख देऊ नका. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. तिथून जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, आणि सीमाभागात राहणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावं. कोल्हापुरात फसलेल्या निपाणीकरानं बेळगावच्या आयोगाकडं जावं, बेळगावात फसलेल्या चंदगडच्या माणसानं कोल्हापूरच्या. दोन राज्यं मध्ये आली म्हणून काही अडत नाही. मुदत दोन वर्षांची, वकील सक्तीचा नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही.

ज्यांची मनगटं माझ्यासारखी आहेत त्यांच्यासाठी अजून थोडं. देण्याआधी चेनचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, लॉक उघडून आतलाही. कड्या मोजा. काम समोर बसूनच करून घ्या. 'ठेवून जा' म्हणाला तर उठा. कड्या दोन्ही बाजूंच्या काढायला सांगा, एकाच बाजूच्या काढल्या तर लॉक मनगटाच्या मधोमध न येता कडेला जातं आणि टेबलावर हात ठेवला की टोचतं. करंगळी आत जाईल एवढी जागा ठेवा. मे महिन्यात मनगट सुजतं, तेव्हा एखादी कडी परत घालावी लागते, म्हणून काढलेली प्रत्येक कडी पिनेसकट आणि नळीसकट घरी आली पाहिजे. आणि बाणाच्या कड्या संपूनही चेन ढिली राहत असेल, तर प्रामाणिक माणूस सरळ सांगतो की ही चेन तुम्हाला होणार नाही, चामडी पट्टा घाला.

पंचांनी मलाही तेच सांगितलं. पक्की कडी चेपलीय, ती कधी दगा देईल सांगता येत नाही. सध्या घड्याळाला तपकिरी चामडी पट्टा आहे, चेन डबीत आहे. तक्रार नोंदवलीय, लॉकचे पैसे अजून आलेले नाहीत.