ईए स्पोर्ट्स कॉलेज फुटबॉल 25 : स्क्रीन पास, रन आणि सांगलीतला पावसाळा

आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी चढू लागले की सांगलीतल्या मैदानांवर चिखलाखेरीज काही उरत नाही, आणि आमच्यासारख्या कबड्डी शिकवणाऱ्यांच्या संध्याकाळी रिकाम्या जातात. अशाच एका संध्याकाळी टेक्सासमध्ये शिकून परतलेला भाचा मला विश्रामबागेतल्या एका गेमिंग पार्लरमध्ये घेऊन गेला. येताना त्याने ‘ईए स्पोर्ट्स कॉलेज फुटबॉल 25’ या गेमची डिस्क आणली होती. पुढचे जवळजवळ दोन महिने आम्ही दोघे आठवड्यातून तीनदा तो खेळत होतो. अमेरिकी फुटबॉल मी प्रत्यक्ष मैदानावर कधी पाहिलेले नाही, हे आधीच सांगून टाकतो. मात्र चढाई आणि बचाव यांचे गणित 25 वर्षे मुलांना समजावत आलो आहे आणि या गेमकडेही मी त्याच नजरेने पाहिले.

गेमचा इतिहास थोडक्यात असा. 2013 साली आलेल्या ‘एनसीएए फुटबॉल 14’ नंतर ही मालिका बंद पडली, कारण विद्यार्थी खेळाडूंची छबी वापरून पैसा मिळवायचा आणि त्यांना काहीच द्यायचे नाही, यावरून खटले उभे राहिले होते. 19 जुलै 2024 रोजी नवा गेम आला तेव्हा संमती देणाऱ्या प्रत्येक खेळाडूला 600 डॉलर आणि गेमची एक प्रत देण्यात आली. गेममध्ये 134 कॉलेजांचे संघ आहेत. तो प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्स सिरीज या कन्सोलवरच चालतो. घरच्या संगणकासाठी तो काढलेला नाही.

नियम ठाऊक नसलेल्यांसाठी एवढे पुरे की चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाउनमध्ये, दहा यार्ड पुढे जायचे असते. चेंडू हातात देऊन पळवला तर तो रन (क्रिकेटमधली धाव इथे डोक्यातून काढून टाकावी) आणि पुढे फेकला तर पास. स्क्रीन पास मात्र या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो. यात पुढच्या फळीतले धिप्पाड खेळाडू समोरच्या बचावपटूंना अडवल्यासारखे करतात, मग मुद्दाम वाट देतात आणि स्वतः एका बाजूला सरकतात. बचावपटू क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, अंगावर धावून येतात, आणि तो त्यांच्या डोक्यावरून चेंडू मागच्या धावपटूकडे हलकेच टाकतो. चेंडू हाती येतो तेव्हा धावपटूच्या पुढे त्याच्याच संघाची भिंत उभी असते.

वाचायला हे सोपे वाटते. तिसरे डाउन होते, आठ यार्ड बाकी होते, आणि मी आयुष्यातला पहिला हाफबॅक स्क्रीन, म्हणजे मागच्या धावपटूकडे टाकायचा स्क्रीन, निवडला. चेंडू हातात येताच घाईने बटण दाबले आणि तो थेट धावून येणाऱ्या बचावपटूच्या पंजात गेला. भाचा हसून म्हणाला, “मामा, घाई कशाला? त्यांना अंगावर येऊ द्या की!” पुढच्या वेळी मी मनात ‘एक, दोन’ मोजत मागे सरकत राहिलो. आमचे तीन गडी डावीकडे घरंगळले, दोन बचावपटूंचे हात क्वार्टरबॅकच्या खांद्यापर्यंत आले, तेव्हा बटण नुसते टिचकीसारखे दाबले. या गेममध्ये बटण दाबून धरले तर चेंडू सरळ आणि वेगात जातो, टिचकी मारली तर तो वर उचलला जातो. हाफबॅक स्क्रीनला बहुतेक वेळा टिचकीच हवी. त्या डावात 19 यार्ड मिळाले आणि पार्लरमधल्या दोन अनोळखी पोरांनी टाळ्याही वाजवल्या.

मग माझी हाव सुटली. सलग चार वेळा तोच डाव लावला. भाच्याने आपला लाइनबॅकर, म्हणजे पुढच्या फळीमागे उभा राहणारा बचावपटू, माझ्या धावपटूच्या शेजारीच उभा करून ठेवला आणि चौथ्या वेळी आम्ही सहा यार्ड मागे गेलो. गेमचे खरे शिक्षण इथून सुरू झाले, कारण जो लाइनबॅकर स्क्रीनची वाट पाहत थांबतो, तो मधून येणारा रन रोखायला उशिरा पोहोचतो. मी लगेच मधला रन लावला आणि सात यार्ड मिळाले. लाइनबॅकर पुन्हा पुढे धावू लागला, तसा स्क्रीन पुन्हा उघडला. ‘समतोल’ या शब्दाचा अर्थ मी तोवर अर्धे रन आणि अर्धे पास असा धरत होतो, तो चुकीचा होता. त्या एका लाइनबॅकरला पुढचे पाऊल कुठे टाकावे हे ठरवता येऊ नये, यासाठी काय आणि किती वेळा लावायचे, एवढाच तो प्रश्न आहे. त्यासाठी एखाद्या सामन्यात 30 रन आणि पाच स्क्रीन लागतील, तर दुसऱ्यात हे प्रमाण अगदी वेगळे असेल.

कबड्डीच्या माणसाला हे पटकन उमगते. समोर सहा किंवा अधिक बचावपटू असले तरच बोनस मिळतो, म्हणून चांगला चढाईपटू मध्यरेषा ओलांडण्याआधी माणसे मोजतो आणि बोनससाठी पाय टाकण्याची हूल देऊन कोपरारक्षकाला जागेवरून हलवतो. इथेही चेंडू सुरू होण्याआधी मधल्या चौकटीतले, म्हणजे ‘बॉक्स’मधले, बचावपटू मोजायचे. आमच्या अडवणाऱ्यांपेक्षा ते कमी असतील तर रन लावावा. तिथे गर्दी असेल तर कडेला कोणीतरी मोकळे आहे हे उघड असते, आणि चेंडू लगेच बाहेर टाकायचा ‘बबल’ स्क्रीन त्याच क्षणासाठी असतो.

कॉलेजच्या मैदानाची आखणी या खेळीला साथ देते. मैदान 160 फूट रुंद असते आणि चेंडू ठेवण्याच्या दोन आडव्या खुणा प्रत्येकी जवळच्या कडेपासून 60 फुटांवर असतात, म्हणजे चेंडू एका खुणेवर असला की दुसऱ्या बाजूला 100 फूट मोकळे रान मिळते. व्यावसायिक फुटबॉलमध्ये या खुणा मध्याजवळ असल्यामुळे एवढी मोठी बाजू कधीच मिळत नाही. मी बबल स्क्रीन सुरुवातीला अरुंद बाजूला टाकत राहिलो आणि तिथे कडेची रेषाच बाराव्या बचावपटूसारखी अंगावर येत होती. नियमही अनुकूल आहे : चेंडू जिथून सुरू होतो त्या रेषेच्या मागेच पास झेलला जाणार असेल, तर पुढच्या फळीतल्या गड्यांनी आधीच पुढे जाऊन अडवले तरी चालते.

आकडेवारी मात्र जपून वाचावी. कॉलेजच्या हिशेबात क्वार्टरबॅक मागे पाडला गेला की ते यार्ड रनच्या खात्यातून वजा होतात, आणि रनचेच काम करणारा बबल स्क्रीन पासच्या खात्यात जमा होतो. त्यामुळे कागदावर ‘रन कमकुवत’ दिसणारा संघ प्रत्यक्षात तसा असेलच असे नाही. टेक्सास टेक आणि वॉशिंग्टन स्टेट इथे प्रशिक्षक राहिलेले माइक लीच यांची ‘एअर रेड’ पद्धत याचे ठळक उदाहरण आहे. त्यात छोटे पास आणि स्क्रीन हेच बरेचदा रनची जागा घेत. याच्या अगदी उलट टोकाला आर्मी आणि नेव्ही या सैनिकी अकादमींचे संघ, जे ऑप्शन रनवर, म्हणजे चेंडू स्वतः पळवायचा की दुसऱ्याकडे द्यायचा हे क्वार्टरबॅक ऐनवेळी ठरवतो अशा रनवर, सामना खेचतात. एकाच गेममध्ये दोन्ही टोके खेळून पाहता येतात, आणि माझ्या मते पैसे वसूल होतात ते इथेच.

आणखी एक गोष्ट मनापासून आवडली. परक्या मैदानावर प्रेक्षकांचा कल्ला वाढला की अननुभवी खेळाडूंच्या मार्गरेषा पडद्यावर वाकड्यातिकड्या दिसतात. लांबचा पास तेव्हा अंधारात दगड मारल्यासारखा होतो आणि आपण आपोआप रन व स्क्रीनकडे वळतो. ख्रिस फाउलर आणि कर्क हर्बस्ट्रीट यांचे समालोचन इंग्रजीत आणि वेगवान आहे, पण त्यावाचून काही अडत नाही. नवख्याने ‘फ्रेशमन’ या पहिल्या पातळीवर फार रेंगाळू नये, कारण तिथे चुकलेला स्क्रीनही खपून जातो.

पार्लरबद्दल बोलायचे तर तासाचे शंभर रुपये जास्त नाहीत, जागा स्वच्छ आहे, पण पहिल्या टीव्हीच्या कंट्रोलरचा डावा दांडा आपोआप सरकतो, त्यामुळे क्वार्टरबॅक उगाच अंगावर धावून येणाऱ्या बचावपटूच्या दिशेने चालत जातो. मालकांना तीनदा सांगूनही तो बदललेला नाही. दुसरा टीव्ही मागून घ्यावा. काउंटरवर मिळणारे भडंग उत्तम असते, मात्र ते मध्यंतरात खाऊन हात पुसावेत. तेलकट बोटाची टिचकी बटणावरून घसरली आणि परवा एक नामी हाफबॅक स्क्रीन माझ्याच हाताने वाया गेला.