निवृत्तीनंतर समुपदेशन: आठवड्यातून दोन दिवस, की पूर्ण बंद?

स्वतः व्यसन सोडून रिकव्हरीत राहून व्यसनमुक्तीतच नोकरी केलेल्या आपल्यासारख्यांना साठीला एक प्रश्न पडतोच. मानधनावर दोन दिवस केंद्रात जायचं, की समुपदेशकाची खुर्ची सोडून एएचं (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचा गट) नुसतं सभासद राहायचं? मी पहिलं आठ महिने केलं, आता दीड वर्ष दुसरं करतोय.

दोन दिवसांच्या बाजूने बरंच बोलता येईल. मुक्तांगण हे पुण्यातलं व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झालं. व्यसनातून बाहेर पडलेल्यानेच दुसऱ्याचा हात धरायचा ही रीत पुण्यात त्यांनी रुजवली. 'मीही याच कॉटवर होतो' म्हटलं की पेशंट पहिल्यांदा मान वर करतो, हे मी रोज पाहिलंय. शिवाय रिकामी सकाळ शेजाऱ्यांना कंटाळवाणी, आपल्याला धोक्याची. मानधन रिक्षापुरतं, ते सोडा.

माझं अडलं एएच्या मीटिंगमध्ये. त्याच आठ महिन्यांत आई गेली आणि सोळा वर्षांनी दारूच्या दुकानासमोर पाय थबकले. ते सांगायलाच संध्याकाळी मीटिंगला गेलो. समोर माझे तीन पेशंट. एकाने उठून "सर, बसा ना" म्हणत खुर्ची दिली. बोलायची पाळी आली आणि मी भूक, राग, एकटेपणा, थकवा या पुन्हा प्यायला लावणाऱ्या चार धोक्यांवर पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. दुकानाबद्दल अक्षर नाही. घरी येऊन स्पॉन्सरला, म्हणजे एएतल्या माझ्या अनुभवी सोबत्याला, फोन लावला तेव्हा रडू फुटलं. दिवस कमी केले तरी 'सर' कमी होत नाही. दिवसभर इतरांचं शेअरिंग ऐकलं की आपलीही मीटिंग झाली, असं मी वर्षानुवर्षं धरून चाललो होतो.

केंद्र हडपसरला आणि मीटिंग कोथरूडला असेल, तर तुम्हाला दोन्ही जमेलही. मला नाही जमलं. या कामापुरतं पुणं फार लहान आहे.

पूर्ण थांबल्यावर पहिले तीन महिने कठीण गेले. सकाळी तळजाई टेकडीवरून फिरून परतल्यावर दहा ते एक कसे काढायचे कळेना. मग मीटिंगच्या चहाची सेवा घेतली. मदतही सुटली नाही. एएची बारावी पायरी, म्हणजे दुसऱ्या दारुड्यापर्यंत मदत पोहोचवणं, आहेच, आणि एएच्या आठव्या परंपरेप्रमाणे (गट चालवण्याच्या तत्त्वाप्रमाणे) तिला पगार नसतो. कुणाचा फोन आला की आम्ही दोघं सभासद मिळून जातो. पेशंटकडे असलेला जुना नंबर मात्र मी केंद्राला देऊन टाकला.

ठरवण्याआधी महिनाभर, तुमचा एकही पेशंट येत नाही अशा मीटिंगला जा. तिथे तुम्ही काय बोलता ते ऐका.