पहिला ड्रॉइंग टॅबलेट: पडद्याविना की पडद्यासह?

अ‍ॅनिमेशनमध्ये सेकंदाला सहसा २४ चौकटी (फ्रेम) असतात. प्रत्येक चित्र दोन चौकटी टिकवले, तरी दहा सेकंदांच्या प्रसंगासाठी नाशिकच्या नवशिक्याला १२० चित्रे काढावी लागतात आणि टॅबलेटची खरी परीक्षा तिथेच होते. पडद्याविना टॅबलेटवर हात खाली व नजर समोर संगणकाच्या पडद्यावर असल्याने सुरुवातीला रेषा भरकटते. मात्र मान वाकत नाही, एका यूएसबी केबलवर भागते आणि वीज गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम चालू राहते. पडद्यासहच्या टॅबलेटवर ‘ऑनियन स्किन’मधली, म्हणजे चालू चित्राखाली फिकट दिसणारी, मागची-पुढची चित्रे (लासलगावच्या जिल्ह्यात कांद्याचा पापुद्रा वेगळा समजवायला नको) थेट पेनाच्या टोकाखाली दिसतात, किंमत मात्र बरीच जास्त असते. माझ्या मते, पहिल्या खरेदीत मध्यम आकाराचा पडद्याविना टॅबलेटच घ्यावा.