द्राक्षबागेत एक हंगाम वापरलेला कापून लावायचा फोम: माल चांगला, गोंद टाकाऊ

फोमला दहापैकी आठ गुण. गोंदाला शून्य.

हा फोम किटमध्ये येतो, त्यात काय काय असतं हे जाहिरातीत सगळ्यांनी पाहिलंय. तीन, सहा आणि दहा मिलिमीटर जाडीचे ईव्हीए फोमचे ताव, जेलचे तुकडे, वेल्क्रोच्या पट्ट्या आणि एका बाजूला गोंद असलेला फोमचा रोल. हवा तसा कापायचा, गरम करून वळवायचा, अंगाला बांधायचा नाहीतर टोचणाऱ्या जागी चिकटवायचा. आमची बाग तासगाव भागात आहे. मागच्या ऑक्टोबर छाटणीच्या (फळासाठी करतात ती) तोंडावर मी हे मागवलं. त्यानंतर पूर्ण हंगाम, माल तोडणी आणि एप्रिलची खरड छाटणी (माल निघाल्यावर वेल खोल छाटतात ती) एवढं सगळं त्यावर निघालं. आता पाऊस लागलाय आणि बागेत कामं थोडी कमी आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

लिहायला कारण घडलं ते खरड छाटणीत. आमची बाग वाय पद्धतीची आहे, म्हणजे वेल इंग्रजी वाय आकाराच्या लोखंडी मांडवावर चढवलेली. ज्यांनी वायची बाग पाहिलीय त्यांना माहीत आहे, दोन्ही बाजूंना वर गेलेल्या अँगलची टोकं बरोबर कपाळाच्या नाहीतर कानशिलाच्या उंचीला येतात. वेल पानांनी भरली की टोक दिसत नाही, आणि काम करणाऱ्याचं लक्ष काडीवर असतं. पूर्वी आम्ही टोकांना चिंध्या आणि पोत्याचे तुकडे सुतळीनं बांधायचो. हा रोल आल्यावर चिंध्या काढल्या आणि रस्त्याकडच्या ओळींना सगळीकडे फोम चिकटवला. दिसायला छान, हाताला मऊ, थंडीभर जागचा हलला नाही. जानेवारीत कुणी विचारलं असतं तर मी गोंदालाही चांगलेच गुण दिले असते.

एप्रिलमध्ये छाटणीच्या टोळीतल्या एक आक्का काडी ओढून मागं वळल्या आणि उघडं टोक भुवईच्या वर लागलं. रक्त थांबेना. तासगावला नेऊन टाके घालून आणले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. डोळा थोडक्यात वाचला. त्या टोकावरचा फोम खाली मातीत पडलेला होता. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "दादा, मऊ हाय म्हणूनच बिनघोर वळले की ओ."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. उघड्या लोखंडाला माणूस जपून असतो. मऊ केलेल्या टोकाची त्याला सवय होते, तो मान सैल सोडतो, आणि नेमका तेव्हा फोम गळून पडलेला असतो. त्यामुळे कधी पडेल याचा भरवसा नसलेलं पॅड मला मोकळ्या टोकापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. चिंधी दिसायला वाईट होती, पण हंगामभर जागेवर होती.

त्या संध्याकाळी सगळ्या ओळी फिरून बघितल्या. कितीतरी तुकडे लोंबत होते. काहींच्या गोंदाला गंजाचा पापुद्रा चिकटून आला होता, म्हणजे गोंदानं गंजाला धरलं आणि गंजानं लोखंडाला सोडलं. ते एक वेळ समजू शकतो. पण गॅल्वनाइज्ड अँगलवर गंज नव्हता, तिथं गोंद मधासारखा ओघळून खाली आला होता आणि फोम टोकावरून चार बोटं सरकून बसला होता. बोट लावलं की पिवळट तार निघायची. तो गोंद शर्टाला लागला की धुऊन निघत नाही, केसांना लागला तर केसच कापावे लागतात, आणि वेलीवर मारतो ती गंधकाची पावडर बसली की त्याचा काळा चिकट थर होतो. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या आसपास जातो, आणि उन्हातलं लोखंड व त्यावरचा काळा फोम हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतात. दुपारी त्या टोकावर तळहात टेकवत नाही.

कंपनीला फोन केला. मुलगी नम्रपणे बोलली, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण उत्तर काय, तर "सर, हे घरातल्या वापरासाठी आहे." अहो, खोक्यावर झाडं छाटणाऱ्या माणसाचं चित्र तुम्हीच छापलंय! ते सांगितल्यावर म्हणाली की चित्र हाताच्या पॅडसाठी आहे, चिकटवायच्या रोलसाठी नाही. मग व्हिडिओ मागितला. पाठवला. मग लोखंड कशानं पुसलं होतं ते विचारलं, तेही सांगितलं. शेवटी बदली म्हणून काय आलं, तर त्याच गोंदाचा नवा रोल.

तो मी फेकला नाही, पैसे दिलेत. एका ओळीत अँगल तारेच्या ब्रशनं घासला, थिनरनं पुसला, नवा रोल लावून दाबला आणि तीन दिवस त्याला हात लावला नाही. शेजारच्या ओळीत गोंदाचा थर खरवडून काढला आणि सुतार वापरतात त्या एसआर गोंदानं तोच फोम चिकटवला. तिसऱ्या ओळीत गोंद काहीच नाही, फक्त सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून वरून आवळून बांधल्या. मे संपेपर्यंत कंपनीचा गोंद पुन्हा सरकला, घासलेल्या लोखंडावरसुद्धा. एसआरनं घट्ट धरून ठेवलं, पण काढायला गेलं की फोम फाटतो. ट्यूबची पट्टी मात्र जशीच्या तशी आहे, वादळी पावसातही, आणि हवी तेव्हा सोडता येते. पंक्चरवाल्याकडं जुनी ट्यूब फुकट मिळते.

असल्या चिकट थरांत मुख्यतः दोन जाती येतात, रबराच्या आणि अ‍ॅक्रिलिकच्या. रबराचा गोंद लगेच धरतो आणि स्वस्त पडतो, पण उष्णतेनं मऊ होतो. अ‍ॅक्रिलिकचा पूर्ण पकड घ्यायला दोन-तीन दिवस घेतो, मात्र ऊन जास्त सोसतो. या रोलवर कुठला आहे हे खोक्यावर, कागदावर, कुठंही छापलेलं नाही. कुणी घेणार असेल तर हा एकच प्रश्न आधी विचारा आणि उत्तर लेखी मागा.

आता हाताकडं. किट घेतलं होतं ते खरं हातासाठीच. सिकेटरनं (छाटणीच्या कात्रीनं) दिवसभर जून काड्या कापल्या की अंगठ्याच्या मुळाशी फोड येतो, मग घट्टा, आणि माझ्या बाबतीत रात्री अंगठा, पहिलं बोट आणि मधलं बोट बधिर व्हायला लागली. मिरजेला दाखवलं. डॉक्टरांनी मनगटापाशी मधोमध दाबून दाखवलं, तिथून शीर जाते. म्हणाले, या जागेवर दांडा रुतू देऊ नका, आणि तिथं जाड गादी घालून आणखी दाबूही नका.

कापून लावता येण्याचा फायदा इथं खरा कळतो. बाजारातल्या तयार हातमोज्यात गादी सरसकट तळव्यावर असते. मी तीन मिलिमीटरच्या तावातून दोन वेगळे तुकडे कापले, एक अंगठ्याच्या उंचवट्यावर, एक करंगळीच्या बाजूला, आणि मधे बोटभर रुंदीची मोकळी पन्हळ ठेवली. कडा कात्रीनं तिरक्या तासल्या, नाहीतर कडेचाच वळ उठतो. हे तुकडे पातळ सुती हातमोज्यावर दोऱ्यानं टाचले. दांड्याचा भार दोन उंचवट्यांवर येतो आणि मधली जागा सुटते. ऑक्टोबर छाटणीत रात्रीचा बधिरपणा बराच कमी झाला. डॉक्टरांनी सांगितलेले मनगटाचे व्यायाम आणि रात्रीचा पट्टाही चालू होता, त्यामुळे सगळं श्रेय फोमला देत नाही. पण फोड आला नाही, हे पूर्ण फोमचं.

सहा मिलिमीटरचा तुकडा हाताला लावू नका. मला आधी वाटलं होतं, जाड तेवढं चांगलं. तसं होत नाही. जाडीमुळे मूठ पूर्ण मिटत नाही, दांडा धरायला जास्त जोर लावावा लागतो आणि संध्याकाळी कोपरापासून खाली हात भरून येतो. तीन मिलिमीटरचाही दोष आहेच, दोन छाटण्यांत तो दबून चपटा झाला आणि परत फुगला नाही. ईव्हीए रोज दाबला गेला की बसतोच, चपलांच्या तळव्यात आपण बघतो. म्हणून ताव जपून कापा, एका तावात बरेच जोड निघतात. जेलचे तुकडे मी बाजूला टाकलेत. थंडीच्या सकाळी बरे वाटतात, पण घामानं त्याखाली पुरळ उठतं.

एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगायची आहे, कारण ती कागदावर नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर काडीवरचे डोळे (कोंब) फुटण्यासाठी हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतो, तेव्हा हे टाचलेले मोजे घालायचे नाहीत. फोम बंद पेशींचा आहे, तो स्वतः फारसं शोषत नाही, पण खालचं सुती कापड आणि वेल्क्रो दोन्ही शोषतात आणि औषध कातडीला लागून राहतं. हे औषध कातडी भाजतं. त्या कामाला रबरी हातमोजेच पाहिजेत. आणि पेस्टच्या कामाच्या आधी-नंतर दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छातीत धडधडतं, माणूस गंभीर होऊ शकतो. ही सूचना औषधाच्या लेबलवर असते, पण टोळीतल्या प्रत्येकाला ती तोंडी सांगितल्याशिवाय डबा उघडू नये.

तसंच, सिकेटरच्या पात्यापासून हा फोम वाचवत नाही. माझा पुतण्या कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशनला आहे, त्याच्या हातमोज्यावर ईएन ३८८ चा (संरक्षक हातमोज्यांच्या युरोपियन मानकाचा) शिक्का आणि खाली आकडे असतात, त्यातला एक आकडा कापण्याच्या संरक्षणाचा. या किटवर तसला शिक्का नाही आणि कंपनी तसा दावाही करत नाही. गवत कापायच्या यंत्राच्या हादऱ्यासाठीही याच्यावर विसंबू नका. तुकडे लावले की हाताला बरं वाटतं, पण हादरा खरंच किती अडतो हे तपासण्याचं मानक आयएसओ १०८१९, त्याची चाचणी झालेले मोजे वेगळे येतात.

ज्याची अपेक्षाच केली नव्हती ते काम दहा मिलिमीटरच्या तावानं केलं. माल तोडणीत भरलेली कॅरेट खांद्यावरून ट्रॉलीपर्यंत न्यायची म्हणजे कॅरेटची कड गळ्याच्या बाजूच्या हाडावर रुतते. टॉवेलची घडी घसरते. पुतण्याकडची हॉट एअर गन आणली, ताव मऊ होईपर्यंत सगळीकडून सारखा शेकला, आणि बनियनवर जाड फडकं घालून खांद्यावर ठेवून हातानं दाबून धरला. गार झाल्यावर खांद्याचा आकार कायम राहिला. गन एका जागी धरली तर वरचा थर आकसून चमकतो, तेवढं सांभाळायचं. उकळत्या पाण्यातही करून पाहिलं, पण वळण नीट बसलं नाही. त्याला वेल्क्रोची पट्टी काखेतून घेतली. गोंदाचा संबंध नाही, म्हणून तो पूर्ण तोडणीभर टिकला. आमच्या गड्यानं पहिल्या दिवशी नको म्हटलं आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून तो दुसऱ्या कुणाला देईना. पाठीवरच्या फवारणी पंपाच्या पट्ट्याखालीही तोच चालतो. सोळा लिटरचा पंप भरल्यावर पट्टा कसा कापतो हे वेगळं सांगायला नको. मी हात डोळ्यापुढं ठेवून किट घेतलं, पण पैसे वसूल केले ते खांद्यानं.

पैशांचं बोलायचं तर टोकांसाठी आता मी हा रोल विकत घेणार नाही. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ती काळी नायट्रील फोमची नळी सांगलीत एसी दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळते. हवी तेवढी तोडून, उभी चिरून अँगलच्या टोकावर बसवायची आणि वर ट्यूबची पट्टी आवळायची. उन्हानं तिच्या वरच्या थराला भेगा पडतात, म्हणून मी त्यावर खताच्या पोत्याचा तुकडा गुंडाळतो आणि मग पट्टी बांधतो. रोलच्या मानानं खर्च किरकोळ आहे. ओळीच्या तोंडाशी ताणाच्या तारेला नडगी लागते, तिथंही तीच नळी घातलीय. ऑक्टोबरच्या आत सगळी बाग बांधून पूर्ण करणार आहे, आणि रोज सकाळी टोळी येण्याआधी एकानं ओळीतून फिरून सुटलेली टोकं बघायची, असं ठरवलंय.

साधे ताव मात्र पुन्हा घेईन, कारण एवढा एकसारखा आणि दाट फोम सांगलीत सुट्टा शोधला तर मिळाला नाही. कंपनीला लेखी कळवलंय की गोंद नसलेले ताव आणि जास्तीच्या वेल्क्रो पट्ट्या असं वेगळं पाकीट काढा, खोक्यावर गोंदाची जात आणि तो किती अंशांपर्यंत टिकतो ते छापा, आणि तोवर झाडं छाटणाऱ्या माणसाचं चित्र काढून टाका. आक्कांच्या टाक्यांचा खर्च मी केला, तो मागितलेला नाही. उत्तर अजून आलेलं नाही. आलं की इथंच खाली जोडेन.