राजेंद्रनगरातील औषधमात्रेच्या गणिताचा वर्ग : सहा रविवारांनंतर

माझी भाची इंदूरच्या एका नर्सिंग महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी औषधमात्रेच्या गणितात ती कशीबशी काठावर सुटली, आणि तेव्हापासून 'मावशी, मला गणित येतच नाही' हे पालुपद घरात सुरू झाले. मी स्वतः बावीस वर्षे वॉर्डात काढली आहेत. तरीही घरच्या माणसाने घरच्या माणसाला शिकवायला बसले की शिकवणे कमी आणि भांडण जास्त होते, हे ठाऊक असल्यामुळे राजेंद्रनगरात एक निवृत्त सिस्टर आपल्या घराच्या पुढच्या खोलीत दर रविवारी जो वर्ग घेतात, त्यात तिचे नाव घातले. वर्गाला नाव नाही, फाटकाला बांधलेला पुठ्ठा हीच पाटी. सहा रविवार, प्रत्येकी अडीच तास, शुल्क १,८०० रुपये आणि सरावपुस्तिकेचे २५० रुपये वेगळे. त्यांपैकी तीन वर्ग मी मागच्या खुर्चीवर बसून पूर्ण पाहिले.

पहिल्या रविवारी फळ्यावर एकही सूत्र लिहिले गेले नाही, हे मला विशेष आवडले. टेबलावर पॅरासिटामॉलच्या तीन बाटल्या मांडल्या होत्या : ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमची, ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमची आणि तान्ह्या मुलांच्या थेंबांची, जिच्या एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते. मूल १२ किलोचे, मात्रा किलोमागे १५ मिलिग्रॅम. म्हणजे १८० मिलिग्रॅम. मुलींनी भराभर वह्या उघडल्या आणि एकीने उत्तर किती येते म्हणून विचारले, तेव्हा सिस्टरांनी शांतपणे उलट विचारले, "कोणत्या बाटलीचे?" पहिलीतून ७.२, दुसरीतून ३.६ आणि तिसरीतून १.८ मिलिलिटर. मुली चुकतात त्या गुणाकार-भागाकारात नव्हे, तर लेबल न वाचता आकडे उचलण्यात, हे माझेही वॉर्डातले निरीक्षण आहे, आणि हा वर्ग नेमका तिथूनच सुरू होतो.

त्यानंतरची रीत म्हणजे आपले जुने त्रैराशिक. 'हवी असलेली मात्रा भागिले उपलब्ध मात्रा गुणिले आकारमान' हे सूत्र मुलींना पाठ असते, पण घाईत अपूर्णांक उलटा मांडला जातो आणि ते लक्षातही येत नाही. यावर सिस्टरांचा उपाय असा, की आकडेमोडीआधी प्रत्येकीने तोंडी अंदाज सांगायचा. ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असेल आणि आपल्याला १८० हवे असेल, तर उत्तर पाचाच्या आतच यायला हवे, वहीत ६.९ आले असेल तर अपूर्णांक उलटला आहे, हे पुन्हा गणित न करताही कळते. कॅल्क्युलेटरला वर्गात बंदी आहे. पावकी, निमकी आणि पाऊणकी पाठ असलेल्या आमच्या पिढीला या बंदीचे काही वाटणार नाही, मुलींना मात्र पहिले दोन रविवार ती फार जाचली.

इन्शुलिनचा वर्ग या सहांत सर्वांत उत्तम. आपल्याकडे इन्शुलिन एका मिलिलिटरला ४० युनिट आणि एका मिलिलिटरला १०० युनिट अशा दोन्ही तीव्रतांत मिळते, आणि सिरिंजही वेगवेगळ्या असतात : ४० साठी लाल टोपणाची, १०० साठी नारिंगी. पाणी भरलेली ४० ची बाटली आणि नारिंगी टोपणाची सिरिंज मुद्दाम शेजारी ठेवून सिस्टरांनी भाचीला २० युनिट भरायला सांगितले. तिने अगदी काळजीने, हवेचा बुडबुडा काढून, २० च्या रेघेपर्यंत भरले. सिस्टरांनी काही न बोलता ते पाणी २ मिलिलिटरच्या साध्या सिरिंजमध्ये रिकामे करवले आणि किती भरले ते वाचायला लावले. ०.२ मिलिलिटर. एका मिलिलिटरला ४० प्रमाणे त्यात फक्त ८ युनिट होते. हीच चूक उलट दिशेने झाली, म्हणजे १०० ची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज अशी जोडी जुळली, तर २० च्या रेघेवर ०.५ मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट जातात. खोलीत काही वेळ कोणी बोलले नाही. ही गोष्ट मी भाचीला तोंडाने किमान चारदा सांगितली होती. तिला ती कळली ती त्या दिवशी.

एककांच्या रूपांतराला दीड रविवार दिला आहे. ग्रॅम, मिलिग्रॅम, मायक्रोग्रॅम या पायऱ्या हजाराच्या, त्यामुळे दशांशचिन्ह तीन घरे सरकते, एवढ्यावर न थांबता ते लिहायचे कसे यावर भर आहे. ०.५ लिहिताना आधीचे शून्य गाळायचे नाही, कारण बिंदू पुसट झाला की पाच वाचले जातात. आणि ५ नंतर बिंदू देऊन शून्य कधीच लिहायचे नाही, कारण त्याचे पन्नास होतात. टक्केवारीचा अर्थही नीट उलगडला : २ टक्के लिग्नोकेन (बधिर करण्याचे औषध) म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये २ ग्रॅम, म्हणून एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम, तसेच एकास हजार अॅड्रेनलिन म्हणजे १,००० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम, अर्थात एका मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम.

पाचवा रविवार अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी आला. रात्रभर विसर्जन मिरवणुकीच्या झाक्या, म्हणजे सजवलेले देखावे, पाहून आलेल्या मुली पेंगत होत्या, आणि सिस्टरांनी नेमके त्याच दिवशी डोपामीन या रक्तदाब सावरणाऱ्या औषधाचे गणित काढले. नाइट ड्यूटीच्या तिसऱ्या रात्री डोके असेच असते, असे त्यांचे म्हणणे. रुग्ण ६० किलोचा, मात्रा किलोमागे मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम, सिरिंज पंपात एकूण ५० मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम. मिनिटाला ३०० मायक्रोग्रॅम, तासाला १८ मिलिग्रॅम, एका मिलिलिटरमध्ये ४ मिलिग्रॅम, म्हणून वेग तासाला ४.५ मिलिलिटर. अठरापैकी पाच जणींचे उत्तर पहिल्या झटक्यात बरोबर आले. बहुतेकींचे मिनिटांचे तास करायचे राहून गेले होते.

आता तक्रारी. पुस्तिका या वर्गाच्या योग्यतेची नाही. ती बहुधा परदेशी साहित्यावरून जुळवलेली आहे, कारण तिची बारा पाने पौंड, औंस आणि ग्रेन (वजनाचे जुने इंग्रजी एकक) यांत गेली आहेत. बाहेर देशी जाऊ इच्छिणाऱ्या मुलींना १ किलो म्हणजे सुमारे २.२ पौंड हे ठाऊक असावे, पण ग्रेन कोणासाठी? उत्तरांतही हयगय आहे. ५०० मिलिलिटर सलाईन ४ तासांत, मिलिलिटरला २० थेंबांच्या सेटने (सलाईनच्या नळीने) द्यायचे, तर मिनिटाला ४२ थेंब लिहायला हवेत, पुस्तिकेत ४१.६६ छापले आहे, आणि थेंबाचा दोन-तृतीयांश भाग मोजणारी परिचारिका मी तरी अजून पाहिलेली नाही. पुढच्याच गणितात सेट १५ थेंबांचा धरला आहे, पण प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही. चूक दाखवल्यावर सिस्टरांनी ती मान्य करून सर्वांच्या प्रती दुरुस्त करवल्या, हे मात्र नोंदवले पाहिजे.

पोटॅशियम क्लोराइडसारख्या जोखमीच्या औषधाला आणि क्षार मोजण्याच्या मिलिइक्विव्हॅलंट या एककाला शेवटच्या दिवशी जेमतेम वीस मिनिटे मिळाली, ही मोठी उणीव आहे. १० मिलिलिटरच्या, १५ टक्क्यांच्या अॅम्प्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतात एवढे सांगून विषय आटोपला. शिवाय अठरा मुलींना एकच टेबल असल्याने मागच्या रांगेतल्यांच्या हाती बाटली येते तेव्हा पुढच्यांचे उत्तर त्यांनी ऐकलेले असते.

शेवटच्या चाचणीत भाचीची वीसपैकी सतरा गणिते बरोबर आली. पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होते. पुस्तिका दोघींत एक घेतली तरी चालते. नाव घालताना टेबलाजवळची जागा तेवढी मागून घ्यावी.